बारा हजारांची पुरवणी

गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी 'गुलाबाची निगा' हे पुस्तक सार्वजनिक वाचनालयाच्या परत-खिडकीवर परत आलं. यात नोंद घेण्यासारखं काही नव्हतं. परत-खिडकीवर पुस्तकं परत येतात, म्हणूनच तिला परत-खिडकी म्हणतात. खिडकीच्या आतल्या बाजूला मी बसतो, सहा महिन्यांच्या करारावर. मागची तारीखपट्टी बघायची, उशीर झाला असेल तर दंड घ्यायचा आणि पुस्तक फडताळाकडे सरकवायचं, एवढं माझं काम. पुस्तक उघडणं कामात येत नाही. पाच महिन्यांत मी एकही पुस्तक उघडलं नव्हतं आणि त्याबद्दल माझी एकही तक्रार आली नव्हती.

पुस्तक घेऊन आली होती ती चौथ्या गल्लीतल्या शिंपीआजोबांची सून.

"सासरे कंबर धरून पडलेत," ती म्हणाली. "आज शेवटची तारीख. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला उगाच दंड कशाला? शिलाई मशीनच्या मागे दडलेलं होतं, शोधून आणलं."

मी तिचं कौतुक केलं. शिंपीआजोबांनी हे पुस्तक सलग अकरा वेळा वाढवून घेतलं होतं. दुसऱ्या कोणी मागितलं नाही तर एकच पुस्तक कितीही वेळा वाढवता येतं, आणि 'गुलाबाची निगा' दुसरं कोणी मागेल अशी परिस्थिती नव्हती. दर पंधरा दिवसांनी आजोबा स्वतः यायचे. पुस्तक हातातून न सोडता फक्त मागची पट्टी माझ्यापुढे धरायचे, मी शिक्का मारायचो, की निघाले. आम्हाला वाटायचं, काय हा गुलाबांचा नाद! त्यांच्या घरी एकसुद्धा कुंडी नाही, हे मला नंतर कळलं.

सून गेली. मी पुस्तक फडताळात सरकवलं, तर ते बसेना. पोटात फुगलं होतं. नाइलाजाने उघडलं. 'खत केव्हा द्यावे' या प्रकरणात, पान अठ्ठ्याऐंशीवर, एक खाकी पाकीट होतं आणि पाकिटात पाचशेच्या चोवीस नोटा. बारा हजार.

इथे माझ्यापुढे नैतिक प्रश्न उभा राहिला. तो साधारण चार मिनिटं उभा होता.

पाकीट खिशात घालण्याचा विचार मनात आला नाही, असं मी म्हणणार नाही. आला, आणि आपण संस्कारी घरातले आहोत हे आठवून गेलाही. मग विचार आला की दुपारच्या सुट्टीत चौथ्या गल्लीत जावं आणि पाकीट आजोबांच्या हातात द्यावं. चालत पाच मिनिटं. हा विचार बराच वेळ टिकला. पण माझ्या कराराचे तेव्हा सव्वीस दिवस उरले होते. चौथ्या गल्लीत माझा प्रामाणिकपणा बघायला होतं कोण? कंबर धरून पडलेला एक म्हातारा. एवढा चांगला प्रामाणिकपणा, तो असा कोणाच्या नजरेला न पडता वाया घालवणं मला पटेना. मी पाकीट उचललं आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

मॅडम म्हणजे आमच्या ग्रंथपाल. त्यांनी नोटा पाहिल्या, मला पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आजच्या काळात असा मुलगा!" त्या म्हणाल्या. "छान केलंस. पण थांब."

आमच्या वाचनालयात जे काही घडतं ते 'पण थांब'च्या पुढे घडतं.

"मॅडम, हे शिंपीआजोबांचे आहेत," मी म्हणालो.

"कशावरून?"

"अकरा वेळा त्यांनीच नेलंय पुस्तक. त्याआधीचा शिक्का मी शाळेत असतानाचा आहे."

"पुस्तक त्यांनी नेलं हे सिद्ध झालं. पाकीट त्यांचं हे कुठे सिद्ध झालं?"

"मग त्यांनाच विचारू या."

"अरे, तुझे बारा हजार आहेत का, असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? तू म्हणशील?"

मॅडमनी खणातून नियमावली काढली. नियम चौदा असा आहे: 'ग्रंथासोबत परत आलेली कोणतीही वस्तू, उदाहरणार्थ नकाशा, तक्ता, तबकडी वा पुस्तिका, ही त्या ग्रंथाची पुरवणी समजण्यात यावी.' या नियमामागे दुःखद इतिहास आहे. पूर्वी एका भोळ्या कर्मचाऱ्याने जगाच्या नकाशासंग्रहातला सुटा झालेला नकाशा 'हा तुमचाच दिसतोय' म्हणून सभासदाला परत दिला. आमच्या संग्रहातल्या जगात तेव्हापासून एक खंड कमी आहे.

"म्हणजे हे पैसे गुलाबाच्या पुस्तकाची पुरवणी?" मी विचारलं.

"मी तसं म्हणत नाही. आपण विचार करू. वरिष्ठांना लिहू. घाईने काही—"

ठप्.

आम्ही दोघांनी मागे वळून पाहिलं. दाखलकाकांनी पाकीट उचलून नेलं होतं.

दाखलकाका बत्तीस वर्षं वाचनालयाची दाखल नोंदवही सांभाळतात. वाचनालयात आलेल्या प्रत्येक ग्रंथाला क्रमाने दाखल अंक द्यायचा आणि शिक्के मारायचे, हे त्यांचं काम, आणि ते त्यात विचार आणत नाहीत. मागे तपासणीला आलेले साहेब आपली छत्री त्यांच्या टेबलावर विसरून गेले होते. ती छत्री आज प्रवासवर्णनांच्या कपाटात आहे, दोनदा वाचायला गेलेली आहे.

ठप्. ठप्. पहिल्या नोटेवर एक शिक्का, शेवटच्या नोटेवर एक आणि सतराव्या नोटेवर एक.

"सतरावीवर का, काका?"

"सतरावं पान गुप्त पान," काका शाई पुसत म्हणाले. "चोराने पुढचं-मागचं फाडलं तरी सतराव्यावर धरला जातो. दाखल अंक एक्केचाळीस हजार दोनशे सहा. लेखक कोण लिहू? सही आहे, पण लागत नाही."

"काका, अहो, हे पैसे आहेत."

"असतील. पृष्ठे चोवीस. सचित्र. बरं, ललित की माहितीपर?"

मॅडम हताश होऊन खुर्चीत बसल्या. पण प्रश्न त्यांच्या विषयातला निघाल्यामुळे त्यांना राहवेना. "माहितीपर," त्या म्हणाल्या. "ललित म्हटलं तर बनावट असल्याचा अर्थ निघतो."

"हे खोडता नाही येणार?" मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू एखाद्याचा जन्मच रद्द करा म्हटलं होतं. दाखल नोंदवहीत खाडाखोड होत नाही. बत्तीस वर्षांत झालेली नाही. 'कोणाकडून प्राप्त' या रकान्याशी ते थबकले. विकत घेतलेलं नसेल तर तिथे देणगीदाराचं नाव लागतं. मॅडमनी एक क्षण विचार केला आणि शिंपीआजोबांचं नाव सांगितलं.

"आत्ताच तर म्हणालात, त्यांचे आहेत हे सिद्ध होत नाही!"

"मालकी सिद्ध करायला पुरावा लागतो," मॅडम समजुतीने म्हणाल्या. "देणगी सिद्ध करायला आभारपत्र पुरतं."

आभारपत्र त्याच दिवशी गेलं.

सोमवारी शिंपीआजोबा आले. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात पत्र. त्यांनी पत्र खिडकीतून आत सरकवलं.

"'आपल्या उदार देणगीबद्दल,'" ते म्हणाले. "उदार कोण रे? मी? माझी बायको ऐकून घेरी येऊन पडेल."

"आजोबा, पैसे तुमचे होते?"

"नाहीतर काय गुलाबाचे? सहा महिने एकेक, दोन-दोन नोटा करून ठेवलेत. आमच्या घरात सगळे सगळं उघडतात बाबा. कपाट उघडतात, डबे उघडतात, माझी पत्रं उघडतात, माझ्या मशीनचा खण उघडतात. पुस्तक तेवढं कोणी उघडत नाही. त्याच्याइतकी सुरक्षित जागा मला सापडली नाही."

मग त्यांनी पैसे कशासाठी ते सांगितलं. आजींचे सगळे दात गेल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या तोंडावर हात धरून हसायच्या, आणि पुढे पुढे, हात कोण सारखा उचलणार म्हणून, हसायच्याच बंद झाल्या. आजोबांनी गुपचूप दातांच्या डॉक्टरकडून कवळी करवून घेतली. आजींना सांगितलं होतं की डॉक्टर फुकट हिरड्या तपासतात. कवळी होऊन डॉक्टरांच्या काचेच्या कपाटात पडली होती.

"दात तयार आहेत, तोंड तयार आहे," आजोबा म्हणाले, "मधे फक्त तुमचं वाचनालय आलंय."

मी त्यांना मॅडमकडे नेलं. मॅडमना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी आजोबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही एवढे निराश का होता? तुम्ही सभासद आहात ना? मग न्या की घरी. पंधरा दिवसांसाठी."

"न्यायचे म्हणजे?"

"वाचायला."

"आणि खर्चायचे?"

"आजोबा," मॅडम दुखावून म्हणाल्या, "वाचनालयाचा ग्रंथ कोणी खर्च करतं का?"

आजोबांनी पट्टीवर शिक्का मारून घेतला आणि स्वतःचे बारा हजार पंधरा दिवसांच्या मुदतीने घरी नेले. पान दुमडू नये, खुणा करू नयेत, ही सूचना मी नियमाप्रमाणे दिली. ते थेट डॉक्टरांकडे गेले, हे उघड आहे. मीही तेच केलं असतं. पण डॉक्टर निघाले प्रामाणिक. पहिल्याच नोटेवरचा शिक्का पाहून त्यांनी वाचनालयाला फोन केला, "तुमचा एक ग्रंथ माझ्याकडे आलाय. वाट चुकलेला दिसतो." मॅडमनी त्यांचे आभार मानले. डॉक्टरांनी आजोबांना पाकीट परत दिलं, पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की कवळी जपून ठेवतो, पण हिरड्या कोणासाठी थांबत नाहीत. त्या आक्रसत जातात. फार उशीर झाला तर कवळीसाठी तोंड उरणार नाही.

या गोष्टीत आतापर्यंत एकही माणूस अप्रामाणिक निघालेला नाही, याकडे मी तुमचं लक्ष वेधू इच्छितो. सून, मी, मॅडम, काका, डॉक्टर. एखादा लबाड मधे आला असता तर आजी केव्हाच हसल्या असत्या.

मी मॅडमना विचारलं, दाखल झालेली वस्तू वाचनालयातून बाहेर जाण्याचा काही मार्ग?

"निर्लेखन," मॅडम म्हणाल्या. "ग्रंथ फाटला तर. पण नोट फाटून काय उपयोग? ग्रंथ हरवला तर. पण हरवणाऱ्याला दुप्पट किंमत भरावी लागते. किंवा सलग पाच वर्षं कोणीच नेला नाही तर. मग नोंदवहीतून नाव कमी होतं आणि वस्तू देणगीदाराला परत करता येते."

मला आनंद झाला. पाच वर्षं कोणी हात न लावणं ही आमच्याकडे अवघड अट नव्हती. आमची निम्मी कपाटं ती अट कधीच पूर्ण करून बसली होती. डॉक्टर म्हणाले तशा हिरड्या थोड्या आक्रसतील, पण कडेला काही लावून भागेल. आजोबांनी पंधराव्या दिवशी पाकीट आणून दिलं. मी ते पुस्तकासकट बागकामाच्या फडताळात, अगदी खाली, भिंतीच्या बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता खिडकीवर एक गृहस्थ आले. "ते गुलाबाचं पुस्तक आहे का?" त्यांनी विचारलं. "पुरवणीसहित."

बातमी डॉक्टरांच्या बाकावर बसून वाट बघणाऱ्या पेशंटांनी फोडली होती. त्या गृहस्थांमागे एक बाई होत्या. बाईंच्या मागे त्यांची नणंद. बारा वाजेपर्यंत रांग जिन्यापर्यंत गेली. आठ दिवसांत वाचनालयाचे दोनशे तेरा सभासद होते त्यांचे नऊशे झाले. मॅडमनी मागणी नोंदवायला वेगळी वही उघडली.

कोणी पैसे खाल्ले असतील असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. पाकीट ज्याच्या त्याच्याकडे पंधरा दिवस राहायचं आणि मुदतीच्या दिवशी चोवीसच्या चोवीस नोटांसह परत यायचं. लोक नुसतं नेत होते. एका भाडेकरूने ते घरमालकापुढे टेबलावर सहज ठेवलं, तर मालकाने सहा महिन्यांनी पहिल्यांदा नळ दुरुस्त करून दिला. एकाने उशीखाली ठेवलं आणि पंधरा दिवस गोळी न घेता झोपला. एका बाईंनी शेजारणीला दाखवलं. शेजारीण दुसऱ्या दिवशी रांगेत. अभिप्रायाच्या वहीत, जिथे सहा वर्षांत 'पंखा आवाज करतो' एवढा एकच अभिप्राय होता, तिथे पानंच्या पानं भरली. 'हातातून खाली ठेववत नाही.' 'घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचलं.' 'छान आहे, पण लवकर संपतं.' 'दुसरा भाग केव्हा?'

पुस्तक सोबत जायचंच. दर पंधरा दिवसांनी परत येताना 'गुलाबाची निगा' पहिल्यासारखंच करकरीत असायचं.

मग मॅडमनी काळजीपोटी नियम केला: एवढ्या मागणीचा ग्रंथ म्हणजे मौल्यवान ग्रंथ, आणि मौल्यवान ग्रंथाला किमतीइतकी अनामत. म्हणजे बारा हजार घरी न्यायचे तर आधी बारा हजार खिडकीवर ठेवायचे. मला वाटलं, आता रांग मोडेल. रांग वाढली. अनामत भरून नेणाऱ्याकडे लोक जास्त आदराने बघू लागले. एका गृहस्थांनी अनामतीसाठी मेव्हण्याकडून उसने घेतले आणि मेव्हण्याला सांगितलं, "पुस्तकासाठी हवेत." मेव्हणा भारावून गेला.

अनामत भरू न शकणारा सभासद एकच होता.

शिंपीआजोबा तरी दर पंधरवड्याला येत राहिले. मागणीच्या वहीत त्यांचा नंबर तीनशे अठरावा. मी काढून पाहिलं, तेरा वर्षं लागत होती, आणि नंबर आला तरी पुन्हा वाचायलाच मिळणार होते. ते खिडकीपाशी उभे राहायचे, पाकीट कोणाच्या हातात जातंय ते बघायचे आणि त्या माणसाला हळूच सांगायचे, "जपून हं. सतरावी जरा जुनी आहे."

वर्षअखेरीला वाचनालयाला वाचनसंस्कृतीचं पारितोषिक मिळालं. परीक्षकांनी आकडे पाहिले, रांग पाहिली आणि निवाड्यात लिहिलं की लोक वाचत नाहीत ही ओरड या संस्थेने खोटी ठरवली आहे. कार्यक्रमात माझाही सत्कार झाला. माझा करार त्या पाकिटामुळे केव्हाच वाढला होता. दारातल्या फलकावर, 'शांतता राखा'च्या शेजारी, माझा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, 'प्रामाणिक कर्मचारी'. फोटोत मी चांगला आलोय.

फोटो लागल्याच्या तिसऱ्या दिवशी आजी आल्या. मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. लहानशा, ताठ, तोंडात काही नसल्यामुळे हनुवटी नाकाच्या जवळ आलेली. नवऱ्याने सगळं लपवलं होतं आणि त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी फलकावरचा फोटो पाहिला, मग खिडकीतून मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"तूच का तो?"

"हो, आजी."

"पैसे तुला सापडले ना?"

"हो."

"कोणाचे ते तुला माहीत होतं?"

"हो, आजी."

"आमचं घर माहीत होतं?"

"हो."

"मग बाळा, आमचे पैसे तू या वाचनालयाला का रे परत दिलेस?"

मी नियमावली हाताशी ओढली. नियम एकोणचाळीस आहेत. या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. आजींचा हात तोंडापर्यंत गेला. म्हणजे त्यांना हसू आलं होतं. माझ्याकडे बघून. कवळी नसताना माणूस हसला की समोरच्याला किती लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या दिवसापासून मी नियमावली खरोखर वाचायला घेतली. मी उघडलेलं ते दुसरं पुस्तक. नियम पंधरा, पोटनियम तीन, अगदी तळाशी: पुरवणी चुकीच्या ग्रंथाला जोडली गेल्याचं आढळल्यास ती एकदाच योग्य ग्रंथाला जोडता येईल, आणि तिथून पुढे त्या ग्रंथाचं जे होईल तेच पुरवणीचं होईल. म्हणजे पाकीट कोणीच उघडणार नाही अशा पुस्तकात गेलं की पाच वर्षांत दोघंही मोकळी.

दाखलकाकांना सांगितलं. त्यांनी बराच वेळ शिक्क्याच्या डबीचं झाकण उघडलं-मिटलं. "खाडाखोड नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. दुरुस्ती."

"मग चालतं. पण पुस्तक कुठलं?"

आम्ही तीन दिवस कपाटं पालथी घातली. नाव घ्यावं ते पुस्तक धोक्याचं. लोकांना आता सवय लागली होती. पुरवणीच्या आशेने ते कुठलंही पुस्तक उचलायचे, उलटं धरून झटकायचे आणि परत ठेवायचे. वाचनालयात इतकी पुस्तकं याआधी कधी हाताळली गेली नव्हती. पाणीपुरवठ्याचे अहवालसुद्धा झटकलेले निघाले.

"असं पुस्तक पाहिजे," काका म्हणाले, "की जे आहे हेच कोणाला माहीत नाही. आणि माहीत झालं तरी हात लावावासा वाटणार नाही."

"असं पुस्तक कोण लिहील?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला लिहिण्याचा अनुभव नाही ना? मग तूच."

तर ते पुस्तक हेच. कव्हर राखाडी घेतलं. नाव दिलं 'वाचनालयाची संक्षिप्त वाटचाल व इतर टिपणे, भाग तिसरा'. पहिला आणि दुसरा भाग नाहीत. ज्याने ते वाचलेले नाहीत तो तिसऱ्याला हात लावणार नाही, असा हिशेब. एकच प्रत काढली. सुरुवातीची चाळीस पानं फर्निचरची यादी आहे. तिच्यापुढे कोणी येणार नाही याची मला खात्री होती, म्हणून इथे मोकळेपणाने सगळं सांगितलं. काकांनी दाखल करून घेतलं, मागच्या कव्हराच्या आत पाकीट चिकटवलं, समोर कोरी तारीखपट्टी लावली. रांगेतल्या लोकांना आम्ही सांगितलं की पुरवणी बांधणीला गेली आहे. बांधणीला गेलेल्या पुस्तकाबद्दल आमच्याकडे आजवर कोणी दुसऱ्यांदा विचारलेलं नाही. रांग आठवड्यात विरली. मॅडमना मात्र सभासदांची संख्या घटण्याचं कारण अजून कळलेलं नाही. त्या इंटरनेटला दोष देतात.

आता तुमच्याकडे येतो.

पाच वर्षं पूर्ण झाली असती तर हे पुस्तक रद्दीत गेलं असतं आणि तुम्हाला मिळालंच नसतं. ज्या अर्थी तुमच्या हातात आहे, त्या अर्थी ती पूर्ण झालेली नाहीत. आणि तुम्ही ते खिडकीवर शिक्का मारून नेलंय, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली आहे. किती दिवस उरले होते ते विचारू नका. मी तुम्हाला दोष देत नाही. फर्निचरची यादी वाचत तुम्ही इथवर आलात, असं तुमचं म्हणणं असेल तर मी ऐकून घेईन. मला वाटतं तुम्ही मागचं कव्हर चाचपून पाहिलंत.

पाकीट सापडलं ना? चोवीस आहेत. मोजल्याच असतील.

ही शेवटची पानं मागाहून लिहून जोडत असताना डॉक्टरांचा निरोप आलाय. हिरड्या आता अगदी टोकाला आल्यात म्हणतात. पाकीट आलं तर या खेपेला ते चष्मा काढून बघतील, शिक्का दिसणार नाही. फक्त कोणीतरी ते आजोबांच्या हातात नेऊन द्यायला हवं. मीच दिलं असतं. पण वाचनालयाची मालमत्ता बाहेर नेऊन देणं म्हणजे सरळ चोरी, आणि माझा फोटो अजून फलकावर आहे.

तुमचा नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. चौथी गल्ली, डाव्या हाताला तिसरं दार, मशीनचा आवाज येतो तेच. तिथे तुम्हाला पावती मिळणार नाही, कोणी नाव लिहून घेणार नाही, आणि आजी आधी घाबरतील. किंवा पाकीट खिडकीवर आणून द्या. खिडकी दहा ते सहा उघडी असते. मॅडमचे डोळे भरून येतील, त्या 'छान केलंत' म्हणतील, काका नवी तारीख टाकतील. फलकावर माझ्या शेजारी एक जागा रिकामी आहे.

येताना फोटो घेऊन या. पासपोर्टच्या आकाराचा चालतो. तुम्ही खिडकीवरच याल, हे मला माहीत आहे. मीही चौथ्या गल्लीत गेलो नव्हतो.